सोळा लाल फुल्या

वाडा रोडने भिवंडीत शिरताना उजव्या हाताला एक लहानशी बाग लागते. तिथे चबुतऱ्यावर एक डिझेल इंजिन उभं करून ठेवलंय. निळा रंग, मधून पिवळा पट्टा, चारी बाजूंनी साखळी, पुढे संगमरवरी पाटी. मी शेलारला राहते, त्यामुळे बाजारात जायचं म्हटलं की रिक्षा त्याच्यापुढूनच जाते. रविवारी लोक पोरंबाळं घेऊन येतात, साखळीवर बसून भेळ खातात, फोटो काढतात. परवा एक जण आपल्या मुलीला सांगत होता, "असली इंजन है बेटा, एकदम ओरिजिनल." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! रिक्षा थांबवून म्हणावंसं वाटलं, अरे कसलं ओरिजिनल, आत ठणठणाट आहे. पण रिक्षा तशीच पुढे जाऊ दिली. त्याने पुढे विचारलं असतं की आतलं कोणी काढलं, तर मी काय तोंड दाखवणार होते?

या इंजिनावर मी बावीस वर्षं काम केलं. माझ्याआधी माझा नवरा करायचा. तो शेडमध्ये फिटर होता. शेड म्हणजे इंजिनांचा दवाखानाच म्हणा, खाडीपलीकडे, आमच्या घरून दोन बस बदलून दीड तास. त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत माणूस गेला. त्याच्या जागी मला नोकरी लागली. दहावी झालेली, हातात कधी पाना धरलेला नाही. पहिले सहा महिने मला कोणी इंजिनाजवळ फिरकू दिलं नाही. झाडू मार, चहा आण, पुसायला चिंधी दे. चिंधी मात्र मीच आणलेली असायची. शेडला मिळणारं पुसायचं सूत अर्ध्या महिन्यातच संपायचं, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या लूमवाल्या चाचाकडून कातरणं पोत्यात भरून न्यायचे. त्यावरून माझं नावच पडलं, चिंधीवाली. बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी एकाने "ए चिंधी" अशी हाक मारली, तेव्हा तेलाने भिजलेली चिंधी त्याच्या थोबाडावर फेकली. त्यानंतर सगळे ताई म्हणायला लागले.

काम शिकवलं ते मिस्त्रींनी. अंबाडीच्या आतल्या गावचे, घरी भातशेती, शेडमध्ये मुख्य फिटर. माझ्या नवऱ्यालाही त्यांनीच तयार केलेलं. मला पुढे घेतलं तेव्हा बाकीचे कुजबुजले, तर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "नटाला काय ठावं, पाना बाईच्या हातात हाय का बाप्याच्या!"

पण पहिल्या दिवशी त्यांनी मला पाना दिलाच नाही, वही दिली. प्रत्येक इंजिनाची एक वही असते. काय बिघडलं, कोणी बघितलं, काय बदललं, कोणता पार्ट खराब आहे, सगळं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. जो पार्ट खराब त्याच्यावर लाल रंगाने फुली मारायची, म्हणजे कोणी चुकून दुसऱ्या इंजिनाला बसवत नाही, तो थेट भंगारात जातो. मिस्त्री म्हणाले, "पोरी, बाकी चुकलीस तं चालंल. वहीत खोटं लिवायचं न्हाय. पुढचा मानूस तुझ्या अक्षरावर भरवसा ठेवून आत हात घालतो. त्याचा हात गेला तं तो तुझ्या पेनानं गेला." मी मान डोलावली. नव्या माणसाला असलं काही सांगितलं की तो मान डोलावतोच.

आमच्या इंजिनाला आम्ही एकतीस म्हणायचो, नंबरातले शेवटचे दोन आकडे. सोळा सिलिंडर, आठ या अंगाला, आठ त्या अंगाला. सकाळी चालू केलं की आधी ढीगभर काळा धूर ओकायचं, खोकायचं, आणि मग एका लयीत धगधगायला लागायचं. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. "पाचवा रडतोय," म्हणायचे, आणि पाचवा उघडला की तिथेच दुखणं सापडायचं. मला ते ऐकू यायला तीन वर्षं लागली. पहिल्यांदा ऐकू आलं तो दिवस माझ्या दहावीच्या निकालापेक्षा मोठा होता.

दसऱ्याला शेडमध्ये इंजिनांना हार घालायचे, नारळ फोडायचे. आमच्या घरात ते नाही. आम्ही बुद्धाला मानणारे, मी आपली खांबाजवळ उभी राहायचे. एका वर्षी नारळ फुटला आणि मिस्त्री ओरडले, "चालू ताई करंल!" मी वर चढले, बटण दाबलं, आणि एकतीसने पहिल्याच दमात आवाज दिला. पुढे दर वर्षी ते काम माझ्याकडेच राहिलं. दुरुस्तीनंतर चाचणीला ते दिवा-वसई लाईनला निघालं की मीही सोबत जायचे. भिवंडी रोड स्टेशन आलं की ड्रायव्हर मुद्दाम लांब हॉर्न द्यायचा आणि म्हणायचा, "ताई, तुमचं गाव आलं." फलाटावरच्या माणसांना काय कळणार? मला मात्र छाती फुगून यायची, खरंच सांगते.

मग सगळीकडे विजेच्या तारा गेल्या. डिझेलची इंजिनं एकेक करून बाजूला लागली, गॅसकटरने कापली गेली. एकतीसचीही पाळी येणार होती. पण तेव्हाचे आमचे साहेब जरा वेगळे. त्यांनी वर लिहून मंजूर करून घेतलं की हे एक इंजिन आठवण म्हणून ठेवायचं. एवढंच नाही, मला बोलावून म्हणाले, "ताई, रंग काय कोणीही देईल. हे चालू हालतीत ठेवायचंय. वर्षातून दोनदा लोकांसमोर सुरू करू. जमेल?" जमेल म्हणजे काय! त्या दिवशी मी दोन्ही बसमध्ये उभी राहून आले, बसायला जागा असून. मिस्त्री तोवर रिटायर होऊन गावी गेले होते, साखरेने त्यांचे डोळे गेले होते. त्यांना फोन केला तर त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "चालू करतील तवा मला घेऊन जाशील ना? बघायला डोळं न्हाईत. ऐकायला कान हायेत." मी म्हटलं, "रिक्षा करून नेईन, मिस्त्री. शब्द देते."

उभं इंजिन जिवंत ठेवायचं तर त्याला फिरवावं लागतं. लांब पहार लावून आतला दांडा हाताने दोन फेरे फिरवायचा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं आणि आतलं काही एकमेकांना चिकटून बसत नाही. दोन माणसांचं काम, घाम निघतो. मी आणि एक हेल्पर दर सोमवारी करायचो. फिरवून झालं की इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या दारावर आतून खडूने रेघ मारायची. दहाच्या सुमारास मिस्त्रींचा फोन यायचाच. "फिरलं का?" "फिरलं." एवढंच बोलणं, आणि ठेवून द्यायचे.

साहेबांची बदली झाली आणि घात तिथून सुरू झाला.

शेडमध्ये एक जुनी खोड आहे. उभ्या इंजिनातलं काढायचं आणि चालत्याला लावायचं. स्टोअरमध्ये पार्ट मागितला तर महिना जातो, उभ्यातून काढला तर तासाभरात काम होतं. मीही आयुष्यभर तेच केलं होतं, उगाच सोवळेपणा कशाला सांगू. पण एका सोमवारी एकतीसचं दार उघडलं तर आतले दोन पंप गायब. शेजारच्या लाईनच्या सुपरवायझरने काढून नेले होते. मी त्याच्याकडे जाऊन अशी भांडले की कँटीनमधली माणसं बाहेर आली. तो शांतपणे म्हणाला, "अहो ताई, ते आता चालायचं आहे का कुठे? उभ्या इंजिनातलं काढायचं नाही तर काय त्याची आरती करायची?" लेखी हुकूम दाखवायला गेले तर तो जुन्या साहेबांच्या कपाटात, आणि कपाट कुठे गेलं कोणाला माहीत नाही. कसेबसे मी दोन्ही पंप परत मिळवून बसवले. पण मला कळून चुकलं की असं सहा महिने चाललं तर पत्रा तेवढा उरेल.

म्हणून मी माझं डोकं चालवलं. फार हुशारीचं वाटलं होतं तेव्हा.

लाल रंगाचा डबा घेतला आणि एकतीसच्या सोळाही सिलिंडरांवर फुल्या मारल्या. पंपांवर मारल्या, वरच्या टर्बोवर, म्हणजे आत हवा भरणाऱ्या पंख्यावर मारली, जे जे कोणाला हवंसं वाटेल त्या सगळ्यावर मारल्या. नुसत्या फुलीने भागत नाही, वहीत नोंद लागते. मग वही उघडली आणि लिहीत सुटले. पहिल्याला तडा. दुसरा झिजलेला. तिसऱ्याला तडा. पंप जाम. टर्बो निकामी. प्रत्येक ओळीखाली माझी सही. एकही ओळ खरी नव्हती. लिहिताना मिस्त्रींचं बोलणं आठवलं नाही असं म्हणाले तर तेही खोटंच होईल. चांगलं आठवलं. पण मी मनाशी म्हटलं, यात कोणाचा हात जाणार आहे? उलट हात दूर राहतील. चालू करायचा दिवस ठरला की आदल्या दिवशी रॉकेल आणि चाचाकडची मूठभर चिंधी, अर्ध्या तासात फुल्या साफ, वहीत लिहायचं सगळं दुरुस्त केलं. झालं!

आणि युक्ती चालली ना! माणसं पाना घेऊन यायची, दार उघडायची, लाल फुल्या बघून "छे, सगळंच मेलंय" म्हणून परत जायची. सुपरवायझर तर मला म्हणाला, "ताई, तुमचं इंजिन आतून पार सडलंय की." मी तोंड पाडून म्हटलं, "काय करणार, नशीब." घरी येऊन पोट धरून हसले. सव्वा वर्ष एका नटाला कोणी हात लावला नाही. दर सोमवारी एकतीस फिरत होतं, दारावर रेघा वाढत होत्या, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मिस्त्रींना मात्र यातलं काही सांगितलं नाही. फोनवरूनच कान उपटले असते त्यांनी.

मग पावसाळ्यात कल्याणच्या बसमधून उतरताना पाय घसरला आणि घोटा मोडला. प्लास्टर, दोन महिने घरी. मिस्त्री म्हणाले, "आठ सोमवार चुकलं म्हनून काय मरत न्हाय ते. तू पाय सांभाळ." मीही निवांत पडले. इंजिनाला फुल्यांचं संरक्षण होतंच.

परत कामावर गेले तर एकतीस बाहेरच्या रुळावर उभं होतं, ताज्या रंगात चकाकत. मी लंगडत लंगडत जवळ गेले आणि दार उघडलं. आत काहीच नव्हतं. सोळा सिलिंडर नाहीत, टर्बो नाही, ज्याला पहार लावायचो तो दांडा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी खोली, तळाला राखाडी रंग मारलेला. दाराच्या आतल्या अंगाला माझ्या खडूच्या रेघा तेवढ्या होत्या, रंगवायच्या राहून गेल्या होत्या. मी दाराला धरून त्या रेघा मोजत राहिले. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला.

नवे साहेब स्वतः भेटायला आले. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण तो वाईट असता तर मला किती बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची मागवली, पायाची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, आपकी मार्किंग एकदम क्लियर थी. कमिटी आई, रजिस्टर देखा, लाल फुली देखी, एक दिन में सर्वे खतम. वरना हम तो चालू कंडिशन में रखने की सोच रहे थे. पुराने साहब का लेटर मिला था ना." जुन्या साहेबांचं पत्र सापडलं होतं! त्या पत्रासाठी मी शेडभर वणवण केली होती. कमिटी इंजिन चालू ठेवायलाच आली होती. वही उघडली, सोळाच्या सोळा खराब, खाली बावीस वर्षं काम केलेल्या बाईची सही. मग त्यांनी कशाला शंका घ्यावी? सगळं काढलं, भंगारात पाठवलं. "हल्का भी हो गया, ट्रेलर पे ले जाने में आसानी होगी," साहेब म्हणाले.

मी "हां सर" म्हणाले. खोटं लिहिलं होतं म्हणून सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि भंगारात गेलेलं काही परत आलं नसतं. तशा अवस्थेतही मला हे सगळं नीट सुचलं, त्याची आज जास्त चीड येते. जीव खरंच तुटला असता तर माणूस काहीतरी बोलून मोकळा झाला असता.

उद्घाटनाला बागेत मांडव घातला होता. स्पीकरवर इंजिनाचा आवाज लावला, कुठल्या इंजिनाचा देव जाणे, आमच्या एकतीसचा तर नव्हताच. मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. "ज्यांनी शेवटपर्यंत इंजिनाची निगा राखली," असं माईकवर म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. नारळ शेजारणीला देऊन टाकला.

मिस्त्रींना मी टाळत राहिले. इंजिन बागेत नेलंय, आता फिरवायला देत नाहीत, एवढंच सांगितलं. "आत समदं ठीक हाय ना?" विचारलं त्यांनी. "आहे," म्हटलं. आज गर्दी आहे, उद्या ऊन आहे, माझा पाय दुखतोय, असं करत चार महिने काढले. शेवटी ते चिडले. "मी मेल्यावर नेशील काय? शब्द दिलावतास." मग काय करणार, रिक्षा करून अंबाडीला गेले. धुतलेला सदरा, टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. कधीपासून बसले होते कोण जाणे. सुनेने सांगितलं, सकाळचा चहासुद्धा घेतला नाही.

मंगळवारची दुपार होती, बागेत कोणी नव्हतं. वॉचमनला सांगून साखळी काढली आणि मिस्त्रींचा हात धरून त्यांना चबुतऱ्यावर चढवलं. त्यांनी इंजिनाला हात लावला, पत्र्यावरून फिरवत दोन पावलं गेले, आणि थांबले. नाक वर करून हुंगायला लागले.

"तेलाचा वास न्हाय येत," म्हणाले.

मी म्हटलं, "नवीन रंग दिलाय ना, मिस्त्री."

"रंगाचा येतोय. तेलाचा कुठं हाय?" मग म्हणाले, "एक खडा दे."

 त्यांनी पुन्हा मागितला तेव्हा खाली वाकून एक खडा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपून बाजूची जाळी शोधली, तिच्या फटीतून खडा आत सोडला आणि कान लावला. खडा सरळ तळाच्या पत्र्यावर पडला, ठण्, ठण्, करत लांबपर्यंत गडगडत गेला. वाटेत कशालाही अडला नाही. मिस्त्री तसेच कान लावून उभे राहिले, खडा थांबला तरी.

"कवा काढलं?"

"माझा पाय मोडला होता तेव्हा." हे खरं होतं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." हेही तसं खरंच.

"चालू इंजिन कोनी काढत न्हाय," ते म्हणाले. "आधी वहीत कोनीतरी खराब लिवावं लागतं. सोळाच्या सोळा खराब लिवली असतील. कोनी लिवलं?"

 रस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत मला वेळ मिळाला. तेवढ्यात सांगता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "नवीन माणसं आलीत बरीच."

मिस्त्री खाली उतरायला वळले आणि त्यांनी माझा हात चाचपून घट्ट धरला. उजवाच. पायरीवर उभे राहून म्हणाले, "ज्यानं खोटं लिवलं ना, त्याचा हात झडून जाईल बघ. तू तिथं नव्हतीस म्हनून साधलं त्याला. तू असतीस तं पेन मोडून त्याच्या हातात दिला असतास." आणि ते रडायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, माझा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. मी हात सोडवून घेतला नाही. रिक्षात अंबाडीपर्यंत त्यांनी तो धरूनच ठेवला होता.

सोमवारी दहा वाजता त्यांचा फोन अजून येतो. पूर्वी विचारायचे, फिरलं का. आता विचारतात, "गावला का गं तो, लिवनारा?"

"शोधतेय, मिस्त्री," मी म्हणते.

"शोध," ते म्हणतात. "माझा भरवसा हाय तुझ्यावर." आणि ठेवून देतात.